देवळालीचे अंकखेळ

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (1905–1986) यांनी 1930 ते 1962 या काळात देवळालीच्या शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या मास्तरांचा आवडता विषय म्हणजे अंकांचे खेळ.

1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी 6174 ची गंमत मांडली. चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करायचा आणि उत्तरावर पुन्हा तेच करायचे. 1234 घेतल्यास 4321 − 1234 = 3087, मग 8730 − 0378 = 8352, मग 8532 − 2358 = 6174. पुढे गाडी तिथेच अडते. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात; त्यांचे जन्मवर्ष 1905 नेमक्या सात घेते.

डोंबिवली स्थानकाच्या 'डेम्लो' या जुन्या नावावरून त्यांनी संख्यांच्या एका प्रकाराला 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. स्वयंभू संख्यांची कल्पना मात्र जास्त खोल. 23 मध्ये तिचेच अंक मिळवले की 28 येते. 20 मात्र अशा रीतीने कशातूनच येत नाही, म्हणून ती स्वयंभू.

भारतात हे काम बराच काळ पोरखेळ मानले गेले. मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरात त्यावर लिहिले, आणि कापरेकर जगभर पोचले.