फणीवाला बिशप

मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाची यात्रा भरते. पालखीवर भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. देवाला लोकर का, असं तिथं कुणी विचारत नाही. मेंढरं राखणाऱ्यांचा देव, त्याला मेंढराचंच देणं. युरोपात लोकरवाल्यांनी असाच एक संत आपलासा केला, पण त्याचा मेंढरांशी काडीचाही संबंध नव्हता. लोकर विंचरायची लोखंडी फणी त्याच्या हातात दिसते खरी, पण ती त्याने कधी चालवली नाही. ती त्याच्या अंगावर चालवली गेली.

हा संत ब्लेझ. पोर्तुगीजांचा सां ब्राझ. आर्मेनियातल्या सेबास्ते शहराचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या सिवासचा, बिशप. रोमन सम्राट लिसिनियसच्या काळात, सन ३१६च्या सुमारास, त्याला मारलं. एवढा इतिहास. बाकीची आख्यायिका, आणि ती कित्येक शतकांनी लिहिलेली. तो आधी वैद्य होता म्हणे. छळ सुरू झाल्यावर डोंगरातल्या गुहेत राहिला, तिथं आजारी जनावरं त्याच्याकडे यायची. पकडून नेताना वाटेत एका बाईने घशात माशाचा काटा अडकलेलं पोर त्याच्यापुढे धरलं, आणि पोर वाचलं. दुसऱ्या एका गरीब बाईचं डुक्कर लांडग्याने पळवलं होतं, ते त्याने परत आणवलं. ती बाई तुरुंगात त्याच्यासाठी अन्न आणि मेणबत्त्या घेऊन गेली. पुढे लोखंडी फण्यांनी त्याचं अंग सोलून काढलं आणि मग शिर उडवलं.

यातला काटा तेवढा फार जुना आहे. आमिडाचा वैद्य एटियस याने सहाव्या शतकातल्या आपल्या ग्रंथात उपाय दिलाय: घशात हाड अडकलं तर वैद्याने ब्लेझचं नाव घेऊन त्या हाडालाच हुकूम सोडायचा, वर ये नाहीतर खाली जा. विंचू उतरवणारा पाहिलेल्यांना ही भाषा परकी वाटणार नाही. ब्लेझचं सविस्तर चरित्र याच्या नंतरचं. मला तरी वाटतं, उतारा आधी रूढ झाला आणि पोराची गोष्ट त्याच्या मागून आली.

त्या उताऱ्याचा विधी आजही चालतो. २ फेब्रुवारीला चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात. दुसऱ्या दिवशी, ३ तारखेला, ब्लेझचा सण. त्यातल्या दोन मेणबत्त्या लाल फितीने फुलीसारख्या बांधून पाद्री भाविकाच्या हनुवटीखाली धरतो आणि घशाच्या दुखण्यापासून रक्षण मागतो. पूर्वेकडच्या मंडळ्या हा सण ११ फेब्रुवारीला पाळतात.

आता फणी. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि भरड. ती पिंजतात, सूत काततात, सनगर खड्ड्याच्या मागावर घोंगडं विणतो आणि चिंचोक्याची खळ देतो. लांब तंतूंच्या लोकरीची रीत वेगळी. लोखंडी दातांची फणी निखाऱ्यावर तापवायची, लोकरीला तेल लावायचं आणि केसांसारखी विंचरत आखूड तंतू वेगळे काढायचे. हे काम करणाऱ्यांनी ब्लेझच्या अंगावरचं हत्यार ओळखलं आणि त्याला आपला पाठीराखा मानलं. छळाचं साधन ते धंद्याचं निशाण, हा प्रवास मला त्याच्या सगळ्या चमत्कारांपेक्षा मोठा वाटतो.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला तर प्रोटेस्टंट झाल्यावरही या बिशपाची मिरवणूक निघायची. ३ फेब्रुवारी १८२५ची सर्वांत गाजलेली. घोड्यावर गिरणीमालक, मागे लोकरीचे टोप घातलेले विंचरणारे कामगार. चारच महिन्यांनी, जूनमध्ये, त्याच कामगारांनी मजुरीसाठी संप केला. तेवीस आठवडे चालला आणि मोडला. शतकाच्या मध्यापर्यंत यंत्राने त्यांचा धंदाच गिळला. जुनी गिरणी पाहिलेल्या सोलापूरकराला ही गोष्ट उलगडून सांगायला नको.

आपल्याकडे ब्लेझ आला तो मात्र लोकरीच्या वाटेने नाही. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या दुब्रोव्हनिकचा, जुन्या रागुझाचा, तो नगरदेव. सन ९७१मध्ये व्हेनिसच्या हल्ल्याची आगाऊ सूचना त्याने दिली अशी तिथली श्रद्धा. त्याचा तिथला उत्सव २००९पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. रागुझाचे व्यापारी सोळाव्या शतकात गोव्यात पोचले. जुन्या गोव्याजवळ, कुंभारजुव्याच्या खाडीकाठी गवंडाळीला सां ब्राझचं चर्च उभं राहिलं, ते त्यांनीच बांधलं असं मानतात. पुढे हा दुवा विसरला गेला. १९९९मध्ये क्रोएशियाच्या संस्कृत अभ्यासक झ्द्राव्का मातिशिच गवंडाळीला आल्या, तेव्हा त्याची पुन्हा चर्चा झाली. मुंबईत अंधेरीच्या आंबोलीतलं चर्चही याच संताच्या नावाचं.

सोलापुरात त्याचा बोलबाला नाही, आणि त्याचं कारण उघड आहे. इथल्या ख्रिस्ती समाजाची घडण बरीचशी अमेरिकन मराठी मिशनने केली, आणि तिच्या प्रोटेस्टंट पंथात संतांना नवस बोलत नाहीत. कॅथॉलिकांसाठी हा जिल्हा पुणे धर्मप्रांतात येतो. लोकर आहे, माग आहेत, उजनीची मासळी आहे. संत तेवढा गवंडाळीला. गोव्याला निघालात तर जुन्या गोव्याच्या मोठ्या चर्चांवर न थांबता खाडीपर्यंत जा. फेब्रुवारीच्या ३ तारखेला गेलात तर फेस्तही सापडेल.