मिठातला 'स'
सिरोंचाच्या बाजारात मराठी माणूस 'मीठ' मागतो, तेलुगू माणूस 'उप्पु'. गोंडाचा शब्द मात्र एकच नाही. उत्तर-पश्चिमेकडची गोंडी 'सोवर' म्हणते. बस्तरच्या अंगाला सरकलं की 'होवर' ऐकू येतं. अबुझमाडच्या डोंगरी माडियात तो 'ह'ही गळतो आणि उरतं नुसतं 'ओवर'. वाटेची गत तीच: सर्री, हर्री, अर्री. बोलणारा कुठल्या मुलखातला, हे पहिल्या अक्षरालाच कळतं.

कूळ शोधायचं तर 'स'च्याही मागे जावं लागतं. मूळ द्राविडी शब्दाच्या तोंडी 'च' होता, गोंडीत त्याचा 'स' झाला. 'स' म्हणताना जीभ दातांमागे बारीक फट ठेवते. ती फट सैल पडली की उरते नुसती फुंकर, म्हणजे 'ह'. फुंकरही आळसावली की स्वर तेवढा शिल्लक. 'ओवर'ला अशुद्ध म्हणणाऱ्यानं 'उप्पु' आठवावा. तेलुगू, तमिळ, कन्नड या थोरल्या बहिणींनीही याच शब्दातलं ते अक्षर केव्हाच घालवलं, आणि त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

बरो आणि भट्टाचार्य यांनी 1960 साली गोंडीच्या बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह छापला. पुढे भद्रिराजू कृष्णमूर्तींनी 1998 च्या लेखात या 'स'चा माग काढला. सगळे शब्द एका दमात बदलले नाहीत. एकानं 'स' सोडला तरी शेजारचा धरूनच बसला, मग कधीतरी त्यानंही सोडला. म्हणून काही बोलींत आजही दोन्ही नांदतात.

आपण हसायचं कारण नाही. 'सत्तर' म्हणणारे आपण पुढच्याच आकड्याला 'एकाहत्तर' म्हणतो, आणि 'दश'चा 'दहा' तर पोरंसोरंही करतात.

'सिंधू'चं इराण्यांनी 'हिंदू' केलं. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे ग्रीक शब्दारंभीचा 'ह' उच्चारत नसत, त्यांच्या तोंडी नदी 'इंदोस' झाली. इंडिया आला तो त्यातून. एरवी ग्रीकांतही 'ह' म्हणणारे कोण आणि गाळणारे कोण, यावरून माणसाचा मुलूख ओळखू येई. गंमत म्हणजे तिथेही साक्षीला मीठच आहे. जुना 'स' लॅटिननं राखला, तिथे 'साल'. अथेन्सला 'हाल्स'. लेस्बॉस बेटावर नुसतं 'आल्स'.