गाठ नसल्याची खात्री

आजीचे वडील मुंबईत गिरणीकामगार. 1896च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि काही महिन्यांतच माणसं लोंढ्यानं मुंबई सोडू लागली. पणजोबा आगबोटीनं दाभोळला उतरले. गाठ नाही ना, म्हणून बगला-जांघा चाचपल्या गेल्या. गावानं तरीही वेशीबाहेरच ठेवलं. रानात खोप बांधून राहावं लागलं. आजीचा राग तपासणाऱ्यांवर कधीच नसे, भावकीवर असे. "घरचाच भात, पण दुरून सरकवलेला," म्हणायची.

खालच्या मोहल्ल्यातले एक चाचा आमच्या ओटीवर बसायला येत. त्यांच्या आजोबांनी हजसाठी पैसा पैसा साठवला, आणि नेमकी 1897 साली सरकारनं मुंबईहून हजला जाणारी जहाजं बंद केली. मुंबईची साथ आपल्या दारी येईल या धास्तीनं युरोपातल्या सरकारांनी त्याच वर्षी व्हेनिसला परिषद भरवली होती. इंग्रजांना व्यापार अडायला नको होता, म्हणून यात्रेकरू अडवले, असं माझं मत. चाचांचं मत याहून तिखट होतं. ते इथे लिहीत नाही.

संकट सरतं, कागद राहतो. पहिल्या महायुद्धात तात्पुरता म्हणून आलेला पासपोर्ट पुढे कायमचाच झाला. परदेशी जाताना लागणारा देवीच्या लशीचा दाखला सुटला खरा, पण 1980 साली देवीचा रोगच जगातून संपल्याचं जाहीर झालं म्हणून. पीतज्वराचा दाखला आफ्रिकेतल्या कितीतरी देशांसाठी अजून लागतो.

2020च्या गणपतीत चाकरमान्यांना गावी दहा दिवस वेगळं राहावं लागलं, तेव्हा आजी हवी होती असं वाटलं. पण खरी गोची समुद्रापलीकडे जाणाऱ्यांची. 23 मार्च 2020 ते 27 मार्च 2022 भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद होती; मर्यादित, खास उड्डाणं तेवढी सुरू. सुट्टीवर आलेले आखातातले कामगार घरी अडकले. त्यात कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची आणखी पंचाईत: जागतिक आरोग्य संघटनेनं ती लस नोव्हेंबर 2021 मध्ये मान्य केली, तोवर सौदीच्या यादीत ती नव्हती. लस सरकारी केंद्रावर मिळेल ती टोचून घेतलेली. निवड कामगाराच्या हातात थोडीच होती?

सहल वर्षभर पुढे ढकलता येते, आखातातली नोकरी ढकलता येत नाही. पुढच्या साथीचे नियम लिहिणाऱ्यांनी एकमेकांच्या लसी आधी मान्य कराव्यात आणि पहिल्या विमानात कामगारांना बसवावं, पर्यटक थांबतील.