गॅसच्या बंबाला श्वासनळी कशी मिळाली

लंडनमध्ये पेशाने रंगारी असलेल्या बेंजामिन वॅडी मॉघन यांनी 1868 साली एका यंत्राचे पेटंट घेतले. तळाशी गॅसच्या ज्योती, वरून झिरपत येणारे थंड पाणी, आणि त्या पाण्यातूनच वर चढणारे तप्त वायू. तोटी सोडली की टबात ऊन पाणी. स्वयंपाकघरातल्या चुलाण्यावर पाणी तापवून बादल्या माडीवर वाहण्याचे दिवस त्यामुळे संपणार होते. आइसलंडमधल्या उष्ण कारंज्यांवरून मॉघन यांनी त्याला ‘गिझर’ हे नाव दिले, आणि तेच आजही आपल्या तोंडी आहे.

त्या यंत्राला धुराडे मात्र नव्हते. जळलेला वायू काही पाण्यात मिसळे आणि बाकीचा न्हाणीघरात राही. ते पाणी पिण्याजोगे नसे, आणि हवा तर त्याहून वाईट. पुढची शंभर वर्षे अभियंते ही एकच चूक टप्प्याटप्प्याने दुरुस्त करत होते. गॅस बॉयलरचा सगळा इतिहास म्हणजे त्याच्या ज्योतीला हवा कुठून द्यायची आणि तिचा उच्छ्वास कुठे सोडायचा याचा इतिहास आहे.

एक घनमीटर नैसर्गिक वायू पुरता जळायला जवळजवळ 10 घनमीटर हवा लागते. तेवढी मिळाली तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली, किंवा जळलेलाच वायू पुन्हा ज्योतीकडे आला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम 1895 मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर वेल्समधल्या कोळसाखाणीतल्या स्फोटाची तपासणी करताना त्यांना आढळले, की बहुतेक खाणकामगार स्फोटाच्या तडाख्याने नव्हे, तर मागाहून पसरलेल्या या वायूने गेले होते. खाणीत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेण्याची प्रथा त्यांच्याच सांगण्यावरून पडली आणि ब्रिटनमध्ये ती 1986 पर्यंत टिकली. या विषाची सर्वांत घातक खोड अशी, की धोका ध्यानात येतो तेव्हा पायांतले त्राण गेलेले असते. दार चार पावलांवर असते, पण तेवढे चालवत नाही.

पहिली दुरुस्ती जर्मनीत झाली. रेमशाइडच्या योहान वायलांट यांनी 1894 मध्ये ‘बंद’ रचनेच्या बंबाचे पेटंट घेतले. त्यात पाणी आणि जळलेला वायू यांच्यामध्ये धातूची भिंत आली, म्हणजे पाणी स्वच्छ राहिले. त्याच सुमारास देसाऊमध्ये ह्यूगो युंकर्स गॅसचे बंब बनवू लागले. पुढे 1915 मध्ये संपूर्ण धातूचे विमान उडवणारे युंकर्स ते हेच. अमेरिकेत पिट्सबर्गला नॉर्वेहून आलेल्या एडविन रूड यांनी 1889 मध्येच टाकीचा स्वयंचलित हीटर तयार केला होता.

पाण्याचा प्रश्न सुटला तरी हवेचा उरला होता, म्हणून बंबाच्या डोक्यावर धुराडे आले. तप्त वायू हलका असतो, तो नळीतून वर चढतो आणि त्याच्या जागी खालून हवा ओढली जाते. तत्त्व सोपे असले तरी त्याला अटी फार. नळीला उंची हवी, ती उबदार राहायला हवी, वरचे तोंड मोकळे हवे, आणि वर गेलेल्या वायूइतकी हवा खोलीत बाहेरून यायला हवी. यातली एक अट मोडली तरी घात होतो. कादंबरीकार एमिल झोला 29 सप्टेंबर 1902 रोजी पॅरिसमधल्या आपल्या राहत्या घरी कार्बन मोनॉक्साइडने गेले. शेकोटीत कोळसा होता आणि धुराडे तुंबलेले होते.

वारा हा आणखी एक शत्रू. छपरावरून झोत उलटा आत शिरला की ज्योत विझे किंवा फरफरे. त्यासाठी धुराड्याच्या बुडाशी एक उघडी टोपी बसवू लागले. उलटा झोत ज्योतीवर न आदळता त्या टोपीच्या फटीतून बाजूला निघून जाई. ज्योत वाचे, पण तो वायू खोलीतच येई. थोडा वेळ असे झाले तर चालते. कायम होऊ लागले तर त्या खोलीत माणूस जगू शकत नाही.

खरी झेप विसाव्या शतकाच्या मध्यावर घेतली गेली. खोलीच्या हवेशी बॉयलरचा संबंधच तोडायचा, ही ती कल्पना. ज्योत एका हवाबंद पेटीत कोंडली. भिंतीला एकच भोक पाडून त्यातून दोन वाटा काढल्या, एक हवा आत घेणारी आणि दुसरी जळलेला वायू बाहेर सोडणारी. दोन्हींची तोंडे बाहेर एकाच जागी, शेजारी शेजारी. यातली हुशारी त्या ‘एकाच जागी’मध्ये आहे. वारा कितीही जोराचा असो, तो दोन्ही तोंडांवर सारखाच दाब टाकतो. जितके आत ढकलतो तितकेच दुसरीकडेही ढकलतो, त्यामुळे ज्योतीला वाऱ्याचा पत्ताच लागत नाही. उंच धुराड्याची गरज संपली. आजच्या बॉयलरमध्ये बहुधा नळीत नळी असते. आतली साधारण 60 मिलिमीटरची उच्छ्वासाची, तिच्याभोवती 100 मिलिमीटरची श्वासाची, आणि ओढ द्यायला पंखा. घरगुती यंत्रांच्या साऱ्या इतिहासात इतकी साधी आणि इतके जीव वाचवणारी दुसरी रचना सहज सापडणार नाही.

उंच इमारतींत प्रत्येक घराला बाहेरची भिंत मिळेलच असे नसते. ब्रिटनच्या साउथ ईस्टर्न गॅस बोर्डाने त्यासाठी खाली-वर उघडा असा एक सामायिक उभा बोगदा काढला. सगळ्या मजल्यांचे हवाबंद बंब त्यातूनच हवा घेत आणि त्यातच वायू सोडत.

यंत्र सुधारले, पण ते बसवणाऱ्या हातांचे काय? 16 मे 1968 रोजी पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर सकाळी चहासाठी काडी ओढली गेली, आणि इमारतीचा एक कोपरा पत्त्यांसारखा कोसळला. चार जण दगावले. शेगडीच्या गॅसजोडणीतला पितळी नट सदोष होता आणि तिथून गॅस गळला होता. त्यानंतर 1970 मध्ये गॅसचे काम करणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली, 1991 पासून ती सक्तीची झाली. आज ब्रिटनमध्ये नोंदणी नसलेल्याने पैसे घेऊन गॅस बॉयलरला हात लावणे हा गुन्हा आहे. न्हाणीघरात फक्त हवाबंद पेटीचाच बंब चालतो. जुन्या, खोलीची हवा घेणाऱ्या बॉयलरसाठी झरोक्याचे मापही ठरलेले आहे. पहिले 7 किलोवॉट सोडून पुढच्या प्रत्येक किलोवॉटला 5 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 20 किलोवॉटच्या बॉयलरला 65 चौरस सेंटिमीटर, आणि तो झरोका बुजवता येत नाही.

महाराष्ट्रात या कुळाचा एक वेगळा आप्त नांदत होता, तांब्याचा बंब. मधोमध धुराची नळी आणि भोवती पाणी, म्हणजे वायलांट यांची धातूची भिंत त्याच्यातही होती. मुख्य म्हणजे त्याची जागा अंगणात, परसात किंवा न्हाणीबाहेरच्या पडवीत असे. धूर डोळ्यांना झोंबे, म्हणून तो आपोआपच बाहेर ठेवला जाई. फ्लॅटमध्ये बंब गेला आणि त्याच्या जागी एलपीजीचा गिझर आला. त्याचा धूर दिसत नाही, झोंबतही नाही. म्हणून तो थेट बाथरूमच्या भिंतीवर, शॉवरच्या शेजारी, बहुतेकदा धुराड्याशिवाय टांगला गेला. 1868 चा गिझर 2000 नंतरच्या पुण्या-मुंबईत पुन्हा अवतरला.

हिशेब मांडून पाहावा. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारा गिझर ताशी साधारण 1 किलो एलपीजी जाळतो आणि त्याला सुमारे 13 घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये नऊएक घनमीटर हवा असते. दार-खिडकी बंद असेल तर पाऊण तासात ती सगळी संपेल. पण विष तयार व्हायला तेवढा वेळ लागत नाही, ऑक्सिजन थोडा उतरला की पुरते. थंडीत गारवा नको म्हणून खिडकी लावली जाते, तेव्हाच पाणीही जास्त वेळ वाहते. एकापाठोपाठ एक माणसे आंघोळीला गेली तर शेवटच्याच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा येते. एक्झॉस्ट फॅनवर भिस्त ठेवू नये. हवा यायला वाट नसेल तर तो खोलीतला दाब कमी करतो, आणि धुराडे असले तरी त्यातला वायू उलट आत खेचू शकतो.

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो उतरवा. मोकळ्या ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. बाल्कनीला काचा लावल्या असतील तर तीही बंद खोलीच समजा. धुराड्याचे तोंड कुणाच्या खिडकीखाली येऊ देऊ नका. ज्योत निळी सोडून पिवळी दिसू लागली, किंवा आंघोळीनंतर घरात कुणाचे डोके जड होऊ लागले, तर गॅस बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या, आणि जाणकार मेकॅनिकने तपासल्याशिवाय तो पुन्हा पेटवू नका.