वखारीतला फॉक्सप्रो आणि नवी पोरं

निपाणीच्या आठवणी म्हटलं की तंबाखू येतोच. आज त्याच वखारीतली, पण कॉम्प्युटरची आठवण सांगतो.

नव्वदच्या दशकात आमच्याकडं हिशेबाचे बहुतेक प्रोग्राम डीबेस नाहीतर फॉक्सप्रोत असायचे. अमेरिकेत ओहायोच्या फॉक्स सॉफ्टवेअरनं 1989 ला फॉक्सप्रो काढला, आणि 1992 ला ती कंपनीच मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली. आम्हाला त्याचं काय? आम्हाला वखारीचा जमाखर्च आणि पतसंस्थेची पिग्मी हवी होती. यूज म्हटलं की फाइल उघडायची, ब्राउज म्हटलं की खातं समोर. आठवड्यात पावतीचा स्क्रीन तयार, आणि पैसे देणारं गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत. म्हणून पोरं आपणहून यायची. गाव कर्नाटकात, देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. दोन्हीकडची पोरं एकाच कीबोर्डवर बसायची.

आणखी एक गंमत. सीडॅकचं जिस्ट कार्ड लावलं की डॉसमध्ये मराठी दिसायचं. अक्षराचा कोड सगळ्या भारतीय लिप्यांना सामाईक, त्यामुळं मराठीत भरलेलं नाव लिपी बदलली की कन्नडात दिसायचं. सीमाभागात एवढ्या सहज सुटलेला दुसरा प्रश्न मी तरी बघितला नाही!

मग वारं फिरलं. 1998 ला बेळगावात व्हीटीयू झालं. इंजिनिअरिंगची पोरं जावा शिकून बेंगळुरू-पुण्याची वाट धरू लागली. व्हिज्युअल फॉक्सप्रो 9 ही आवृत्ती 2004 च्या डिसेंबरात आली, आणि मार्च 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांगितलं, आता दहावी येणार नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या प्रोग्रामरांनी सह्यांची मोहीम काढली. सह्यांच्या मोहिमा आपल्याला नव्या नाहीत, पुढं काय होतं तेही ठाऊक आहे. जानेवारी 2015 ला कंपनीचा आधारही संपला. व्हीएफपीएक्स नावानं जगभरचे जुने जाणते एकत्र येऊन नवी अवजारं मात्र करत राहिले.

माझी अडचण वेगळी होती. एका पतसंस्थेचा प्रोग्राम मी लिहिलेला, आणि तो समजणारा दुसरा माणूस नाही. मी आजारी पडलो तर शेकडो लोकांच्या पिग्मीचं व्याज कोण काढणार? म्हणून फुकट वर्ग काढला. सहा पोरं आली. मी फॉक्सप्रोचं गुणगान लावलं: किती वेगवान, किती सोपा. एकानं विचारलं, "सर, हे शिकून नोकरी मिळंल काय?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात खोली रिकामी.

पुढं संकेश्वरची एक मुलगी आली. तिला भाषा शिकवायला गेलोच नाही. डीबीएफ फायलींची एक प्रत तिच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, यातलं व्याज तुझ्या पद्धतीनं काढून दाखव. तिनं पायथॉनमधून फायली वाचल्या. डीबीएफची बांधणी साधी: आधी रकान्यांची नावं नि रुंदी, मग ओळी. पण मुदतीआधी मोडलेल्या खात्यांचा हिशेब काही केल्या जुळेना. दोन दिवसांनी म्हणाली, "सर, तुमचा प्रोग्राम वाचल्याशिवाय हे कळायचं नाही. शिकवा." मुदत मोडल्यावरचा नियम माझ्या कोडात होता, कागदावर कुठंच नव्हता!

तिथून ती फॉक्सप्रो शिकली, आणि मी थोडं पायथॉन. आज त्या संस्थेची व्यवस्था नवीन आहे, नियम मराठीत लिहून ठेवलेत, जुनी फाइलही उघडते.

आम्ही जुने लोक चुकतो ते इथंच. आपल्या अवजाराचं कौतुक करून नवी पिढी येत नाही. तिला खरं काम द्यावं, शेजारी बसावं, आणि तिची स्वतःची हत्यारं आणू द्यावीत. मग जुनं ती गरजेपोटी शिकते, आणि गरजेपोटी शिकलेलं टिकतं.

तुमच्या वखारीत, सोसायटीत अजून असा एखादा काळा-निळा स्क्रीन चालू आहे काय? असेल तर तो लिहिणाऱ्या माणसाकडं आजच जाऊन बसा. तो दमायच्या आत.