वृत्तविद्येची भाषा : लाहोर आणि नागपूर

भारतातील वृत्तपत्रविद्येच्या विद्यापीठीय शिक्षणाचा इतिहास बहुधा विभागांच्या स्थापनावर्षांनी सांगितला जातो : लाहोर १९४१, मद्रास १९४७, कलकत्ता १९५०, म्हैसूर १९५१, नागपूर १९५२, हैदराबाद १९५४. या क्रमात एक प्रश्न अनुच्चारित राहतो. पत्रकार कोणत्या भाषेत घडवायचा? त्या दृष्टीने लाहोर आणि नागपूर ही दोन बहुभाषिक शहरे एकत्र पाहणे उद्बोधक ठरते.

पंजाब विद्यापीठाने पी. पी. सिंग यांच्या नेतृत्वाखाली लाहोरात हा विषय सुरू केला, तेव्हा तेथे इंग्रजी ‘ट्रिब्यून’ला साठ वर्षे झाली होती. ‘प्रताप’ (१९१९) आणि ‘मिलाप’ (१९२३) ही दैनिके हिंदू संपादकांची, पण उर्दूतील होती. भाषा, लिपी आणि धर्म यांची सरळ जुळणी त्या वाचकसमाजात नव्हती. फाळणीनंतर विभाग दिल्लीस आला व १९६२ मध्ये चंडीगढला स्थिरावला. ही उर्दू पत्रेही दिल्लीस आली. मात्र त्यांना जन्म देणारे बहुभाषिक शहर मागे राहिले.

नागपूरचे चित्र वेगळे, तरी समांतर होते. १९५२ साली ते तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्या राज्याच्या राजभाषा होत्या. त्या वर्षी हिस्लॉप महाविद्यालयात रोलंड वोल्सली या अमेरिकी प्राध्यापकांच्या साहाय्याने अभ्यासक्रम सुरू झाला. त्यांनी संपादित केलेला भारतीय पत्रकारितेवरील इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या विद्याशाखेची परिभाषा इंग्रजीत सिद्ध होत होती. शहरातील वाचक मात्र मराठी-हिंदीचेही होते.

या दोहोंमधील अंतर वृत्तपत्राच्या कचेरीत उपसंपादकाला भरून काढावे लागे. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी तारा समोर ठेवून तो रात्रीच्या घाईत मराठी बातमी सिद्ध करी. ‘पोलिसांकडून अटक करण्यात आली’ यासारखी रचना अशाच टेबलांवर दृढ झाली, असे मानण्यास जागा आहे. व्याकरणकारांनी जिला नवीन कर्मणी म्हटले, ती इंग्रजी वळणाची रचना बातमीच्या गद्यात स्वाभाविक वाटू लागली. तिच्यामुळे कर्ता वाक्यात मागे सरतो, आणि ‘करण्यात आले’ एवढेच म्हटले तर तो दिसेनासाही होतो. म्हणून हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. तो उत्तरदायित्वाचाही होतो.

मराठी पत्रकारितेचा आरंभच मुळी द्वैभाषिक आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. १८८१ मध्ये ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत निघाला. एकाच संपादकवर्तुळाने दोन वाचकवर्गांशी दोन भाषांत बोलणे ही येथे जुनी रीत होती. त्या परंपरेत भाषांतर ही विचार करण्याची पद्धती होती.

माध्यमांत जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला बातमीलेखन, संपादन आणि कायदा शिकवणे आवश्यकच आहे. परंतु तार आणि बातमी, इंग्रजी वाक्य आणि मराठी वाक्य समोरासमोर ठेवून वाचण्याची शिस्त त्याला तौलनिक साहित्याकडून मिळू शकते. या अभ्यासशाखेनेही वृत्तपत्री भाषांतराला दुय्यम लेखन समजून वगळणे योग्य नव्हे. दीडशेहून अधिक वर्षे बहुसंख्य वाचकांना जग कळले, ते प्रामुख्याने याच अनामिक भाषांतरकारांच्या वाक्यांतून.