न शिवलेले वस्त्र

इ. स. १५३७ च्या सुमारास केंपेगौडाने मातीचा कोट घालून बंगळूर वसविले, तेव्हा त्याने निरनिराळ्या व्यवसायांना निरनिराळ्या पेठा नेमून दिल्या. अरळेपेठेत कापूस, अक्कीपेठेत तांदूळ, बळेपेठेत बांगड्या, गाणिगरपेठेत तेल, कुंभारपेठेत मडकी अशी ती व्यवस्था होती, आणि तिच्यातच एक कुरुबरपेठही होती. कुरुब म्हणजे कन्नड मुलखातील मेंढपाळ, आपल्याकडच्या धनगरांचे सख्खे भाऊबंद. बंगळूरच्या वस्त्रोद्योगाविषयी जे काही लिहिले जाते त्यात पट्टेगार आणि खत्री यांच्या रेशमाला व देवांगांच्या सुती कापडाला सन्मानाचे स्थान मिळते, आणि ते योग्यही आहे. परंतु ज्या वस्त्राने या पठारावरील कुणब्याचा, गाडीवानाचा आणि रात्रीच्या पहारेकऱ्याचा देह शतकानुशतके झाकला, त्या कुरुबांच्या कंबळीचा उल्लेख सहसा एखाद्या ओळीच्या वर जात नाही. 'जाडेभरडे कांबळे' एवढ्या दोन शब्दांत तिची बोळवण होते. मला हा अन्याय वाटतो. जी वस्तू रात्री पांघरूण आणि दिवसा पोशाख असते, आणि या दोन्ही कामांसाठी जिला सुई वा कात्री लावावी लागत नाही, तिच्या रचनेमागे केवळ दारिद्र्य नसून पुष्कळ पिढ्यांचा विचार आहे, हे तिची मापे नीट पाहिली म्हणजे ध्यानात येते.

आपल्याकडे हिलाच घोंगडी म्हणतात. सांगोले, मंगळवेढे, जत, आटपाडी या कोरड्या टापूपासून थेट चित्रदुर्ग, तुमकूर आणि कोलारपर्यंत पसरलेल्या दख्खनच्या पठारावर हवा, गवत आणि मेंढरू यांत जसे साम्य आहे, तसेच या वस्त्राच्या घडणीतही आहे. मेंढरे वर्षातून दोनदा कातरतात. कोकराची पहिली लोकर ती जावळ. तिची घोंगडी अंगाला मऊ लागते आणि म्हणून तिला मोलही अधिक पडते. कातरलेली लोकर रंगवार निवडून पिंजायची, आणि मग घरातील बायकांनी चातीवर वा चरख्यावर तिचे सूत काढायचे. रंग म्हणावे तर ते मेंढराच्या अंगचेच: काळा, करडा, तपकिरी, पांढरा. ताणा लावल्यावर त्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, टरफले काढून, भिजवून वाटायचे आणि शिजवून त्यांची चिकट लापशी करायची. ती खळ ताण्यावर कुंच्याने चोळीत नेली म्हणजे लोकरीचे उभे राहिलेले केस निजतात, सूत ताठ होते आणि मागावर तुटत नाही. खड्डामागावर पाय सोडून बसलेला सनगर किंवा कुरुब विणकर साधी उभी-आडवी वीण घालतो, फार तर काठाला पांढऱ्या वा काळ्या सुताच्या दोन रेघा ओढतो, आणि त्यापलीकडे नक्षीच्या वाटेला जात नाही.

आता मापांकडे येऊ. साधारण घोंगडी ३ हात रुंद आणि ६ हात लांब असते. रुंदीच्या दुप्पट लांबी हा काही योगायोग नव्हे. लांबीच्या मध्यावर दुमडली की ३ हातांचा दुपदरी चौरस तयार होतो. त्या चौरसाचा घडीकडील एक कोपरा आत दाबला की तेथे आपोआप एक टोपडे उभे राहते, आणि ते डोक्यावर घेतले म्हणजे उरलेले दोन पदर पाठीवरून थेट पोटऱ्यांपर्यंत उतरतात. हीच ती खोळ, कानडीतली कंबळी-कोप्पे. समोरून दोन्ही हात मोकळे राहतात, काठी धरता येते, कोकरू उचलता येते, नांगराची रुमणी दाबता येते. पाऊस थांबला की कोपरा बाहेर काढावा, घडी उलगडावी, खांद्यावर आडवी टाकावी. थंडीचा कडाका असेल तर तीच दोन्ही खांद्यांवरून घेऊन छातीशी गाठ मारावी. दुपारी बाभळीखाली तिचेच आसन, रात्री अर्धी अंगाखाली आणि अर्धी अंगावर. माणसाची डोक्यापासून पोटरीपर्यंतची उंची आणि निजलेल्या माणसाची लांबी ही दोन्ही मापे एकाच वस्त्रात बसविण्याचे कोडे ज्याने प्रथम सोडविले त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, पण त्याचे गणित पक्के होते यात संशय नाही.

भरड लोकरच का, याचेही उत्तर या उपयोगात आहे. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषून घेतो आणि तरीही हाताला ओला लागत नाही, शिवाय ती शोषताना थोडी ऊबही देतो. त्यातच दख्खनी मेंढराचे केस जाड आणि राठ असल्यामुळे पावसाचे थेंब त्यांच्या टोकांवरच अडतात आणि खोळीच्या उतारावरून ओघळून जातात. कोकणातले इरले पावसाला अधिक अभेद्य खरे, परंतु इरले पांघरून कोणी निजत नाही.

अव्वल इंग्रजी अमदानीत सर मार्क कबन म्हैसूरचा कमिशनर असताना (१८३४–१८६१) देशी मेंढ्यांची लोकर सुधारावी म्हणून बाहेरून मेरिनो जातीचे मेंढे आणविण्यात आले होते. तो प्रयोग टिकला नाही. त्यामागचा हेतू शुद्ध होता हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, ज्या मऊपणाला विलायतेच्या बाजारात किंमत होती तो मऊपणा जून-जुलैच्या झडीत माळावर उभ्या राहणाऱ्या मेंढपाळाच्या गरजेचा नव्हता.

बंगळूर आणि मराठी माणूस यांचा संबंध याच वस्त्राच्या मुलखातून जातो. १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढली पंचवीस वर्षे, राजांच्या मृत्यूपर्यंत, या शहरात मराठी दरबार, मराठी दफ्तर आणि मराठी फौज होती. जयराम पिंड्याने 'राधामाधवविलासचंपू' रचला तो याच दरबाराच्या आश्रयाने. १६६४ च्या आरंभी शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला तो चन्नगिरीजवळच्या होदिगेरे येथे, आणि त्यांची समाधी आजही तेथेच आहे. देशावरून आलेल्या शिलेदाराला कानडी मुलखातील भाषा परकी वाटली असेल, भातही परका वाटला असेल, पण संध्याकाळी माळावर खोळ घेऊन मेंढरे वळविणारा मनुष्य त्याला परका वाटण्याचे काही कारण नव्हते.

होदिगेरे आज ज्या जिल्ह्यात मोडते त्या दावणगेऱ्याची कथा तर या विषयाला अधिकच लागून आहे. दावणगेरे हे मूळचे आडबाजूचे खेडे, जवळच्या बेट्टूरची केवळ वाडी. हैदर अलीने ते आप्पाजीराम नावाच्या एका मराठा सरदाराला जहागीर दिले, आणि या आप्पाजीरामाने व्यापाऱ्यांना कौल देऊन तेथे वसविले. त्याला संतती नव्हती, तरी त्याच्या पश्चातही पेठ मोडली नाही, उलट वाढली. त्या टापूत विणल्या जाणाऱ्या कंबळ्यांचा लौकिक पुढे साऱ्या म्हैसूर संस्थानात झाला. जहागीरदाराने स्वतः काही विणले नाही. पण विणकर, मेंढपाळ आणि सावकार यांची गाठ पडेल असा निर्धास्त बाजार त्याने उभा केला, आणि धंद्याच्या इतिहासात हे काम लहान नव्हे. त्या काळी मागामागावर मोहतर्फा बसत असे, नाक्यानाक्यावर जकात द्यावी लागे. अशा स्थितीत कोणत्या अमलदाराच्या हद्दीत माल सुखाने विकला जातो यावरच गावांचे नशीब ठरत होते. टिपूच्या पाडावानंतर लगेच, १८०० साली, गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या हुकुमावरून फ्रान्सिस बुकॅनन मद्रासेहून निघून बंगळूरला आला आणि त्याने येथल्या विणकरांची जातवार, मागवार, भावासकट चौकशी केली. त्याच्या १८०७ मध्ये छापलेल्या तीन खंडांच्या प्रवासवर्णनात कुरुबांच्या कंबळ्यांनाही जागा मिळाली आहे, याबद्दल या जिज्ञासू वैद्याचे आपण आभारच मानले पाहिजेत.

कंबळीला केवळ गरजेचे वस्त्र मानणे मात्र चूक होईल. कुरुबांच्या एका शाखेत विवाहप्रसंगी वधूवरांच्या मनगटी लोकरीचे कंकण बांधतात, दुसऱ्या शाखेत सुताचे. 'उण्णे कंकण' आणि 'हत्ती कंकण' अशी त्या शाखांची नावेच त्यावरून पडली आहेत. पंचायत बसायची तर कंबळी अंथरून. आपल्याकडच्या ब्राह्मणी घरांत तर धाबळीला सोवळ्याचा अधिकार होता: रेशमी मुकटा नसेल त्याने लोकरीची धाबळी नेसून देवपूजा आणि भोजन करावे, तिला विटाळ लागत नाही, असा लोकाचार होता. मेंढपाळाच्या मेंढराची तीच राठ लोकर. पण माळावर तिची खोळ होई आणि देवघरात तिचे सोवळे होई. आणि मैलार, म्हणजेच आपला खंडोबा, याचे गोरव नावाचे भक्त तर काळ्या कंबळीचा पायघोळ झगा आणि अस्वलाच्या केसांची टोपी घालून, डमरू वाजवीत नाचतात. तुंगभद्रेच्या काठच्या मैलार गावी भरणाऱ्या जत्रेत हे दृश्य पाहणाऱ्या मराठी माणसाला जेजुरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पृथ्वीच्या पाठीवर इतरत्रही हा विचार माणसाला सुचलेला आहे. अँडीज पर्वतातील लोकांनी कांबळ्याच्या मध्यावर डोके जाईल एवढी चीर ठेवून त्याचा पाँचो केला. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील लोक लोकरीचे लांबलचक कापड जमिनीवर चुण्या घालून पसरीत, त्यावर निजून कमरेला पट्टा बांधीत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. १७४५ च्या बंडानंतर इंग्रज सरकारने १७४६ च्या कायद्याने त्यांना तो पोशाख मना केला आणि ही बंदी १७८२ पर्यंत चालली. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या सैन्याने बंगळूरच्या किल्ल्यावर हल्ला केला, तेव्हा त्यात या डोंगराळ स्कॉट लोकांच्या पलटणीही होत्या. ज्यांच्या वाडवडिलांचे निजायचे-नेसायचे वस्त्र कायद्याने हिरावले गेले, ते लोक कंबळीच्या मुलखात शिपाई म्हणून आले, हा इतिहासाचा एक विलक्षण योग होय.

कंबळीवर मात्र कोणी बंदी घातली नाही. तिचे दोन उपयोग एकमेकांपासून वेगळे झाले, आणि ते काम शहराने केले. १८०९ मध्ये श्रीरंगपट्टणची छावणी बंगळूरला हलली, कँप वसला, आणि त्यामागोमाग शिवलेल्या कपड्यांची मागणी आली. बंगळूरच्या शिंपी आणि रंगारी लोकांत भावसार व नामदेव शिंपी अशी मराठी बोलणारी घराणी पुष्कळ. त्यांच्या हाताला काम मिळाले याचा आनंदच आहे. पुढे १८८४ मध्ये 'बँगलोर वुलन, कॉटन अँड सिल्क मिल्स' ही गिरणी निघाली, ती लवकरच मद्रासच्या बिन्नी कंपनीच्या व्यवस्थापनाखाली गेली, आणि पेठेच्या पश्चिमेस बिन्नीपेठ नावाची वस्तीच तिच्याभोवती उभी राहिली. गिरणीतून लष्करासाठी लोकरी कापड निघे आणि कांबळीही निघत. परंतु कापड वेगळे, कांबळे वेगळे. कापडाचा ओव्हरकोट होई, कांबळे खाटेवर पडे. खाटेच्या मापाचे ते कांबळे आखूड आणि रुंद. त्याची खोळ घालू जावे तर पाठ उघडी पडते. ज्याच्याजवळ कोट आणि कांबळे दोन्ही घेण्याइतके पैसे होते त्याची सोय झाली. ज्याच्याजवळ नव्हते त्याला पूर्वी एकात मिळणारे आता दोनांत घ्यावे लागले. त्या गिरणीची चाके आता थांबली आहेत, तिच्या आवारात उंच सदनिका आणि बाजारसंकुल उभे आहे.

आजची अवस्था अधिक बिकट आहे, कारण आता मूळ लोकरीवरच गदा आली आहे. मेंढरू पोसायचे ते मांसासाठी, असा हिशेब सर्वत्र रूढ झाला. दक्षिण कर्नाटकातील बन्नूर आणि आपल्या जत तालुक्यातील माडग्याळ या जाती मांसाला उत्तम म्हणून वाढल्या, पण विणकराच्या कामाची लोकर त्या देत नाहीत; आणि दख्खनी मेंढराशी त्यांचा संकर होत गेला की पुढच्या पिढीच्या अंगावर लोकर विरळ होत जाते. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून जड झाली, तेव्हा मेंढपाळ ती कातरून बांधावर टाकून देऊ लागला. स्वतः मात्र तो प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेतो, आणि रात्री स्वस्त यंत्रमागाची चादर.

बंगळूर हे आता वस्त्ररचनेच्या शिक्षणाचे मोठे केंद्र आहे. तेथील तरुण या लोकरीकडे पुन्हा वळू लागले आहेत, तिची जाकिटे, पिशव्या, गालिचे करून पाहत आहेत, हे ऐकून मन प्रसन्न होते. तथापि माझे त्यांच्यापाशी एक मागणे आहे. जाकिटासाठी कात्री लावली की या सैल, भरड विणीच्या कडा उसवतात, मग अस्तर येते, फीत येते, गुंडी येते, आणि इतके करून जे हाती येते त्यावर निजता येत नाही. ३ हात बाय ६ हात ही मर्यादा त्यांनी अडचण न मानता आरंभबिंदू मानावा: सूत अधिक बारीक काढावे, जावळाचे प्रमाण वाढवून वजन उतरवावे, घडीकडील कोपऱ्याला विणतानाच थोडी दाट वीण द्यावी म्हणजे टोपडे नीट उभे राहील, छातीशी गाठीच्या जागी काठातच एक फट ठेवावी. हे सारे मागावरच होऊ शकते, आणि जो विणकर ते करील त्याला त्यासाठी शिंप्याच्या दारी जावे लागत नाही. एवढे झाले, आणि कातरणीच्या हंगामात लोकर रोख दाम देऊन माळावरच विकत घेणारा कोणी उभा राहिला, तर दावणगेऱ्यात आप्पाजीरामाने जे केले त्याहून फारसे निराळे काही करावे लागणार नाही.